पालक सभा नेमकी कशासाठी असते आणि तिथे काय विचारावे?

सुरंगी (दापोली तालुका)

नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे आणि मुलगा तिसरीत. पहिल्या सत्राच्या परीक्षा संपल्या की दोन्ही शाळांतून पालक सभेची सूचना येईल. त्याआधी मला या विषयाचा नीट विचार करायचा आहे, म्हणून येथे विचारते.

आतापर्यंत मी ज्या सभांना गेले त्यांचे स्वरूप बहुतेक सारखेच होते. सगळे पालक एका वर्गात बसतात, प्रास्ताविक होते, शाळेच्या गरजा सांगितल्या जातात, गणवेश, उपस्थिती आणि मोबाईल यांविषयी सूचना होतात, आणि शेवटी वर्गशिक्षक एकेका मुलाचे नाव घेऊन गुण वाचून दाखवतात. ज्यांच्या मुलांना चांगले गुण पडले ते समाधानाने उठतात आणि ज्यांच्या मुलांना कमी पडले ते मान खाली घालून सही करतात. "कोणाला काही शंका आहे का?" असे विचारले जाते खरे, पण इतक्या माणसांसमोर आपल्या लेकराची अडचण उघड करायला कोणाची जीभ रेटत नाही. गुण प्रगतिपुस्तकात लिहिलेले असतात आणि सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येतात, मग या दोन तासांत घरी बसून कळले नसते असे आम्हाला काय कळते?

आमच्या भागात सभेला येणे अनेकांना परवडत नाही. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव सकाळी आणि पुन्हा दुपारनंतर होतो. लिलावातून मासळी घेऊन गावोगाव विकणाऱ्या बायांना ठरावीक वेळ सोडली तर त्या दिवसाची कमाई सोडावी लागते. बागेत किंवा काजूच्या कारखान्यात रोजाने जाणाऱ्यांची रोजी बुडते. त्या मला विचारतात, "ताई, जाऊन काय होते?" त्यांना प्रामाणिक उत्तर देता यावे असे मला मनापासून वाटते. या सभेचा मूळ हेतू काय आहे, शिक्षकांना नेमके काय विचारावे, आणि सभेची पद्धत बदलायची असेल तर कोणाकडे जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

साकव (राजापूर तालुका)

सुरंगीताई, मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. प्रथम नियमाचे सांगतो, कारण तो फारच थोड्या पालकांना ठाऊक असतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. वेळेवर शाळेत येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे यांच्याच जोडीला तिथे असे म्हटले आहे की, शिक्षकाने माता-पित्यांच्या आणि पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, शिकण्यात झालेली प्रगती आणि त्याच्याविषयीची इतर आवश्यक माहिती त्यांना द्यावी. म्हणजे पहिली ते आठवीच्या मुलांच्या बाबतीत ही बैठक शाळेच्या मर्जीवर सोडलेली नाही. शिकवणे जितके आमचे काम, तितकेच हेही आमचेच काम आहे. शिवाय या यादीत गुण हा शब्द कुठेही नाही, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

कायद्यात शिक्षकाने पालकांना काय सांगावे ते आले आहे. पालकांनी शिक्षकाला काय सांगावे हे त्यात नाही, आणि माझ्या अनुभवात सभेचे अर्धे मोल तिथेच असते. मूल माझ्यासमोर दिवसातले काही तास असते. उरलेल्या वेळात ते कुठे असते, किती झोपते, कोणाच्या धाकात असते, घरी कोणती बोली बोलते, घरात कोण आजारी आहे, हे मला कोणत्याही नोंदवहीतून कळत नाही.

आमच्या शाळेत एक मुलगा पहिल्या तासाला नेहमी पेंगत असे. पावसाळ्यात तर तो आठवड्यातून एखादा दिवस गैरहजरच राही. आळशी म्हणून त्याची ख्याती झाली होती. सभेला त्याची आई आली तेव्हा कळले की त्यांची वाडी पऱ्याच्या पलीकडे आहे, पाऊस वाढला की साकवावरून पाणी जाते, आणि मग त्याला डोंगराच्या अंगाने लांबचा रस्ता धरावा लागतो. त्यासाठी तो अंधारातच उठतो. या एका माहितीने माझे त्याच्याशी वागणे बदलले. गणिताचा तास मी पहिल्या तासावरून हलवला आणि पाणी भरलेल्या दिवसांचा अभ्यास त्याच्या वाडीतल्या मोठ्या मुलीबरोबर पाठवू लागलो. त्याची आई लिहा-वाचायला शिकलेली नाही, आणि तिच्यावाचून मला हे कोणीही सांगितले नसते.

आता काय विचारावे ते. "माझा मुलगा कसा आहे?" असे विचारले की शिक्षक "ठीक आहे, थोडे लक्ष द्या" असे म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी वही मागा. जूनमधली वही आणि सध्याची वही शेजारी शेजारी ठेवायला सांगा. अक्षर, वाक्यांची लांबी, खाडाखोड, अर्धवट सोडलेली उदाहरणे हे सगळे डोळ्यांना दिसते, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही बरेचसे दिसते. तिसरीतल्या मुलासमोर एखादा नवा उतारा ठेवून तो आपल्यासमोर वाचायला सांगा. तो शब्द जोडून वाचतो की अक्षर अक्षर लावत जातो हे दोन मिनिटांत समजते. हजेरीपटावरचे गैरहजेरीचे दिवस पाहा आणि ते एकाच वारी येतात का ते बघा. मूल वर्गात कोणाशेजारी बसते, मधल्या सुट्टीत एकटे असते का, फळ्यावरचे उतरवून घेताना शेजाऱ्याच्या वहीत पाहते का, हेही विचारा. अखेरच्या प्रश्नातून चष्म्याची गरज लक्षात आलेली मुले मी पाहिली आहेत.

आणि उठण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवून घ्या: पुढच्या महिन्याभरात शिक्षक काय करतील आणि घरी आपण काय करू. ती कागदावर लिहून घ्यावी. चार-पाच गोष्टी ठरल्या की त्यांतली एकही होत नाही.

आजोळ (गुहागर तालुका)

साकव गुरुजींचे म्हणणे पटले. त्यात मी आमच्यासारख्यांची बाजू जोडू इच्छितो, कारण कोकणात आमच्यासारखी घरे वाडीवाडीत आहेत. माझा मुलगा आणि सून मुंबईला नोकरीला असतात आणि नातू आमच्याजवळ राहून पाचवीत शिकतो. सभेला मी जातो, कधी माझी पत्नी जाते. पूर्वी एका शाळेत आम्हाला "आई-वडिलांना घेऊन या" असे सांगून परत पाठवले होते. ज्या आजीच्या हातचे जेवून मूल शाळेत येते तिच्याशी बोलण्यासारखे काही नाही असे शाळेला वाटावे, याचे आम्हा दोघांना फार वाईट वाटले.

गुरुजींनी सांगितलेल्या त्याच कायद्यात पालक म्हणजे कोण याची व्याख्या आहे. ज्या व्यक्तीकडे मुलाची देखभाल आणि ताबा आहे ती व्यक्ती पालक ठरते. तेव्हा आजी-आजोबा, मामा, आत्या, ज्यांच्या घरी मूल राहते त्यांनी कोणताही संकोच न ठेवता सभेला जावे. सध्याच्या शाळेतील बाई समजूतदार आहेत. माझे बोलणे झाले की त्या माझ्याच फोनवरून मुलाला लावतात आणि दोन मिनिटे त्याच्याशी बोलतात. गणपतीला सगळे चाकरमानी गावी असतात, परंतु तेव्हा शाळेला सुट्टी असते. तरी बाईंनी सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशीची वेळ खास अशा पालकांसाठी राखून ठेवली, आणि त्या वर्षी माझा मुलगा पहिल्यांदाच स्वतःच्या मुलाच्या वर्गात जाऊन बाकावर बसला. इतर शाळांनीही हे करण्यासारखे आहे.

सर्वांसमोर गुण वाचण्याविषयी सुरंगीताईंनी लिहिले आहे, त्याविषयी मला तीव्रपणे वाटते. कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. गुण मोठ्याने वाचणे त्या कलमाखाली येते की नाही हे वकील सांगतील. पण वाडीतल्या दहा घरांसमोर ज्याचे नाव शेवटी येते, त्या मुलाला संध्याकाळी घरी आणि वाडीत काय ऐकावे लागते हे आम्ही रोज पाहतो. सभेच्या दुसऱ्या दिवशी मुले शाळेत यायला घाबरत असतील तर त्या सभेचा उपयोग कोणाला झाला? ही प्रथा बंद करा असे आपण मुख्याध्यापकांना स्पष्ट शब्दांत सांगावे. प्रत्येकाला त्याच्या मुलाचे प्रगतिपुस्तक हातात द्यावे आणि जे बोलायचे ते बाजूला बसून बोलावे.

रापणकर (मालवण तालुका)

वरील उत्तरे आदराने वाचली, तरी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. मी आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. एकेकट्या पालकाशी बोलणे आवश्यक आहे, यात वाद नाही. पण त्यासाठी सर्वांची एकत्र सभा निरर्थक ठरवू नये. मुलाचे वाचन, त्याची वही, त्याचा स्वभाव हे एकट्याने बोलायचे विषय आहेत. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसणे, दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक असणे, एसटीची वेळ आणि शाळा सुटण्याची वेळ यांचा मेळ नसणे, हे विषय एकटा पालक कितीही वेळा बोलला तरी जागचे हलत नाहीत. आमच्याकडे दुपारची गाडी शाळा सुटण्याच्या आधीच निघून जात असे आणि मुले तासभर थांबून मग चालत घरी जात. सभेत वाडीवाडीच्या बायका एकत्र बसल्या तेव्हाच हा एका घराचा प्रश्न नसून सगळ्यांचा आहे हे उघड झाले. सगळ्यांच्या सह्यांचे पत्र आगारात गेले आणि गाडीची वेळ पुढे गेली. घरी बसून व्हॉट्सअ‍ॅपवर हे झाले नसते, कारण त्या गटात शाळा लिहिते आणि आम्ही अंगठा दाखवतो.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकांमधून घ्यायचे आहेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांना ही समिती लागू नाही. तिथे महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार पालक-शिक्षक संघ असतो आणि शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचे पालक त्याचे सदस्य असतात. सुरंगीताईंनी विचारले की बदल सुचवायला कुठे जावे, त्याचे उत्तर येथे आहे. आपल्या शाळेत समितीवर कोण आहे ते पाहा, त्या बाईंना किंवा गृहस्थांना भेटा, आणि 'पालक सभेची पद्धत' हा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत घ्यायला सांगा. इतिवृत्तात तो लिहिला गेला पाहिजे. नुसते तोंडी बोलणे पुढच्या सभेपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

वेळेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे यावर बरेच बोलणे झाले. सभा कधी घ्यावी हे शाळा सहसा परीक्षेच्या वेळापत्रकाकडे पाहून ठरवते, गावाच्या कामाकडे पाहून नाही. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात एरवी समुद्रावर असणारा बाप घरी असतो, जाळी विणत किंवा होडी डागडुजी करत बसलेला असतो. जून अखेरीला शाळा नुकती सुरू झालेली असते, म्हणून तेव्हा सभा ठेवली की मच्छीमार वाडीतले पुरुष येतात, आणि वर्षभरात एकदाच का होईना शिक्षकांची आणि त्यांची समोरासमोर ओळख होते. पण त्याच दिवसांत शेतकरी वाडीत भातलावणी चाललेली असते आणि चिखलातून हात काढून दुपारी कोणी येऊ शकत नाही. ऑक्टोबरात भातकापणी. फाल्गुनात शिमगा, आणि त्यानंतर आंब्याची घाई पार शाळेला सुट्टी लागेपर्यंत. सर्व वाड्यांना सोयीचा असा एक दिवस आमच्या गावात सापडलाच नाही. शेवटी वाडीप्रमाणे वेगवेगळ्या वेळा ठरवल्या. एका वाडीला शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतर, तर दुसरीला संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी. शिक्षकांना त्रास पडला, परंतु उपस्थिती पाहून त्यांनीच ती पद्धत पुढे चालू ठेवली.

आणखी एक. होड्यांवर आणि आंब्याच्या बागांतून आता नेपाळी कुटुंबे राहतात, त्यांची मुले आपल्याच शाळांत येतात. मराठीतली सूचना त्यांच्या घरी कोणाला वाचता येत नाही. अशा घरी कोणीतरी स्वतः जाऊन हिंदीत सांगावे. आमच्याकडे हे काम माता-पालक गटातल्या दोघी करतात.

नववी-ब (रत्नागिरी)

मी माध्यमिक शाळेत वर्गशिक्षक आहे. चर्चा प्राथमिक शाळेभोवती फिरते आहे, म्हणून मोठ्या मुलांविषयी लिहितो. दहावीच्या निकालात आपला कोकण विभाग राज्यात सातत्याने पहिला येतो, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, "मुले पास होतातच, मग सभेला कशाला जायचे?" असे पालक म्हणू लागले आहेत. पहिलीच्या सभेला वर्ग भरतो आणि नववीच्या सभेला मोजके चेहरे दिसतात. वास्तविक मूल सर्वांत जास्त बदलते ते याच वयात. मुलगी एकाएकी गप्प होते, मुलाचे मित्र बदलतात, मोबाईल रात्री उशिरापर्यंत हातात राहतो, बंदरावर हातात पैसे मिळू लागल्यावर शाळेतून लक्ष उडते. या गोष्टी आम्हाला वर्गात अर्धवट दिसतात, तुम्हाला घरी अर्धवट दिसतात, आणि दोन्ही एकत्र आल्याशिवाय मुलाचे काय चालले आहे याचा अंदाज कोणालाच येत नाही.

साकव गुरुजी म्हणतात तशी प्रत्येकाशी सविस्तर भेट मोठ्या वर्गात कशी जमवावी, हा खरा प्रश्न आहे. वर्गात पन्नास मुले असतील आणि प्रत्येक घराला दहा मिनिटे द्यायची म्हटली तर पाचशे मिनिटे, म्हणजे आठ तासांहून अधिक वेळ लागतो. एका दुपारी ते शक्य नाही आणि तसा आग्रह धरला की पुन्हा एका वाक्यात उरकणे सुरू होते. म्हणून मी सभा एका दिवशी घेतच नाही. सर्वांसाठीचे बोलणे अर्ध्या तासात संपवतो आणि पुढचे दोन आठवडे रोज शाळा सुटल्यावर चार-पाच घरांना वेळ देतो. त्याआधी प्रत्येक विषयशिक्षकाकडून मुलाविषयी एक-दोन ओळी लिहून घेतो, म्हणजे पालकांना गणिताच्या सरांना आणि इंग्रजीच्या बाईंना वेगवेगळे शोधत फिरावे लागत नाही. काम वाढते हे खरे. पण नंतर वर्षभर जी धावपळ करावी लागते ती त्याने बरीच कमी होते.

भेटीच्या वेळी मी विद्यार्थ्यालाही बसवतो. यावर आमच्या शिक्षककक्षात मतभेद आहेत, कारण मुलासमोर पालक मोकळेपणाने बोलत नाहीत असे काहींना वाटते. माझे मत असे की चौदा वर्षांच्या मुलाविषयी त्याच्या पाठीमागे निर्णय घेतला तर तो पाळला जात नाही. पहिली दोन मिनिटे मी त्यालाच बोलायला देतो: या सत्रात काय जमले, काय जमले नाही, कोणाची मदत हवी. घरातली एखादी नाजूक गोष्ट असेल तर पालकांनी तसे आधी सांगावे, मग तेवढ्या वेळापुरते त्याला बाहेर पाठवता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाने स्वतःचे केलेले आणि सहाध्यायांनी केलेले मूल्यमापनही असावे असे म्हटले आहे आणि हे पत्रक घर व शाळा यांना जोडणारे असावे अशी अपेक्षा आहे. मुलाला बैठकीबाहेर ठेवून ते कसे साधणार, हे मला समजत नाही.

सुरंगी (दापोली तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. रापणकरताईंनी दोन सभांमधला फरक दाखवला तो मला फार उपयोगी पडला, कारण आमच्या शाळांत या दोन गोष्टी एकाच तासात कोंबल्या जातात आणि त्यामुळे दोन्ही अपुऱ्या राहतात. मुलाच्या शाळेत समितीवर असलेल्या एका बाईंना मी ओळखते. त्यांच्यामार्फत दोन विषय बैठकीसाठी देणार आहे: गुणांचे जाहीर वाचन बंद करणे, आणि सभेची वेळ लिलावाच्या वेळा सोडून ठरवणे.

एक शंका अजून राहते. मुलीचे वर्गशिक्षक चांगले आहेत, पण ते नवीन आहेत आणि पालक जास्त बोलले की त्यांना तो दोषारोप वाटतो. अशा वेळी सुरुवात कशी करावी?

साकव (राजापूर तालुका)

ताई, सुरुवात तक्रारीने किंवा प्रश्नानेही करू नका, माहितीने करा. मुलगी घरी येऊन शाळेतल्या कोणत्या गोष्टीविषयी आपणहून बोलते, ते सांगा. सरांनी शिकवलेले तिला काय आवडले, ते सांगा. नव्या शिक्षकाला हे कोणी सांगत नाही आणि त्याला त्याची फार गरज असते. मग तिची जी अडचण वाटते ती घरी दिसते तशी सांगा, उदाहरणार्थ, "अपूर्णांकांचा अभ्यास करायला बसली की ती वही मिटून ठेवते", आणि वर्गात काय दिसते ते त्यांना विचारा. तुम्ही दोष देत नसून मदत मागत आहात हे त्यांना लगेच कळेल. शक्य असेल तर सभेच्या दोन दिवस आधी चिठ्ठी पाठवून कोणत्या विषयावर बोलायचे आहे ते कळवावे, म्हणजे ते तिची वही आणि हजेरी पाहून ठेवतील.